प्लेस्कूल, ताराबाई आणि अंगण

गेल्या शनिवारी लेकीसाठी एक प्लेस्कूल बघायला गेलो. (वय वर्षं अडीच. या वयात मी अंगणात माती खात होतो, असं आई सांगते.) माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत: 'द्विभाषिक, खेळातून शिक्षण'. फी ऐकून आधी ईएमआय आठवला, मग विचारलं, दोन भाषा कुठल्या? तर इंग्लिश आणि हिंदी. वर एक प्रेमळ सल्ला, "घरी मराठी जरा कमी बोला, म्हणजे लवकर रुळेल." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प.

घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला, की हे 'खेळातून शिक्षण' आपल्याकडे आणलं कोणी?

गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१३ साली मुलगा झाला आणि याला शिकवायचं कसं, हा प्रश्न पडला (सेम पिंच!). त्यातून माँटेसोरी वाचली, वकिली सुटली आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उभं राहिलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही, आणि शिकायचं मातृभाषेत, म्हणजे गुजरातीत. १९२३ साली तिथे ताराबाई मोडक आल्या. ही मुंबईची मराठी बाई राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजची प्राचार्य होती, ती नोकरी सोडून आली. 'शिक्षणपत्रिका' आधी गुजरातीत निघाली, नंतर मराठीतही. १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला.

इथवर सगळं शहरी, मध्यमवर्गी. १९३६ साली दादरला शिशुविहार निघालं, तेही तसंच. खरी गोष्ट १९४५ची. पन्नाशी उलटलेल्या ताराबाई दादर सोडून बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. बालविधवा, शिक्षिका, वय ३५. माँटेसोरीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार? मग खडे, शिंपले, बिया, पानं. मुलं शाळेत येईनात, कारण घरी धाकटी भावंडं सांभाळायची असत. मग या बायका पाड्यावर गेल्या आणि शाळा अंगणात भरली. ती अंगणवाडी! १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा काढली, जिथे गुरं तिथे शाळा. आमच्याकडे युजर आला नाही की आम्ही युजरलाच नावं ठेवतो. असो.

वाचताना एका ठिकाणी मात्र अडकलो. वारली मुलांची घरची बोली वारली, पुस्तकातली मराठी त्यांना परकीच. म्हणजे त्या अंगणातही दोन भाषा होत्या, आणि तिथे 'इंग्लिश'च्या जागी चक्क आपली मराठी बसली होती. शनिवारी मला जे टोचलं, ते आपलीच भाषा दुसऱ्या कुणाला टोचत आली असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

१९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडेही एक आहे. कामाला येणाऱ्या मावशींचा नातू तिथे जातो. फी शून्य.

प्लेस्कूलचा फॉर्म फ्रिजवर लावलाय, मंगळवारपर्यंत द्यायचाय. बाकी सगळे रकाने कोरे आहेत. 'घरी बोलली जाणारी भाषा' एवढाच बायकोने भरलाय. पेनाने.