आकारातून क्रियेकडे : निर्मिती-वैशिष्ट्यांच्या संगणकीय ओळखीचा इतिहास आणि खानदेशातील साचाकाम

प्रस्तावना :

अनुभवी टर्नर किंवा मिलर आराखड्याचा कागद हाती घेतो तेव्हा तो रेषा वाचत नाही. खाच, भोक, खोबण, आटे वाचतो आणि कोणते काम आधी व कोणते नंतर हे मनाशी ठरवितो. संगणकातील घनाकृतीच्या मूळ भौमितिक प्रतिमानात यांपैकी एकही शब्द नसतो. तेथे असतात पृष्ठे, कडा व शिरोबिंदू. या निव्वळ भूमितीतून यंत्रक्रियेचा अर्थ पुन्हा शोधून काढणे म्हणजे निर्मिती-वैशिष्ट्यांची ओळख होय. या प्रयत्नाचा इतिहास आणि खानदेशातील कारखानदारी यांचा मेळ कितपत बसतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१९७०च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात इयान ब्रेड यांनी घनाकृतींचे प्रतिमान करणारी प्रणाली विकसित केली. त्याच विद्यापीठात एल. किप्रियानू यांनी १९८०च्या आपल्या प्रबंधात प्रत्येक कड बहिर्वक्र की अंतर्वक्र हे पाहून उंचवटे व खळगे वेगळे काढण्याची रीत मांडली. हेतू साधा होता : सारख्या सुट्या भागांचे गट पाडून त्यांना सांकेतिक क्रमांक देणे. १९८८ मध्ये संजय जोशी व टी. सी. चँग यांनी पृष्ठांचे बिंदू व कडांच्या जोडरेषा असा आलेख रचला. एक तळ, दोन भिंती आणि त्यांना जोडणाऱ्या दोन अंतर्वक्र कडा आढळल्या, की ती खाच. परंतु दोन खाचा परस्परांना छेदू लागल्या की भिंती तुटतात, आलेखातील दुवे हरवतात आणि ओळख फसते. म्हणून १९९३ मध्ये वँडेनब्रँड व रेक्विशा यांनी पूर्ण आकृतीऐवजी तिच्या उरलेल्या खुणांवरून अनुमान करण्याचा मार्ग स्वीकारला. कारागीर नेमके हेच करतो, असे म्हणावयास हरकत नाही.

या इतिहासाची एक वाट महाराष्ट्रातूनही जाते. गोदरेज समूहाच्या पाठबळाने वाढलेल्या व २०१७ मध्ये एचसीएलमध्ये विलीन झालेल्या जिओमेट्रिक या कंपनीने सॉलिडवर्क्ससाठी फीचरवर्क्स ही वैशिष्ट्ये ओळखणारी प्रणाली घडविली. पुण्यात तिचे मोठे विकसन केंद्र होते.

खानदेशाच्या संदर्भात :

वरील संशोधनाचा बराचसा भाग धातूचा ठोकळा कापून घडविलेल्या भागांवर आधारलेला आहे. जळगावची ओळख मात्र प्लास्टिकची आहे : पीव्हीसी पाइप, ठिबक सिंचनाचे साहित्य, चटई. (चटईत ओळखण्याजोगी खाच नाही, हे मान्य!) ठिबकच्या ड्रिपरमध्ये पाण्याचा वेग रोखणारा वळणावळणाचा अरुंद मार्ग असतो. आलेख-पद्धती त्याला खाच म्हणेल आणि कटर सुचवील. प्रत्यक्षात ड्रिपरवर कोणीही कटर चालवीत नाही. तो मार्ग साच्यात उंचवटा म्हणून उभा असतो; भोवतालचे पोलाद काढून टाकल्यावर जे उरते ते तेथे महत्त्वाचे. उलट, वस्तूवरील पातळ बरगडी साच्यात खोल, चिंचोळी खाच होते. तेथे कटर पोहोचत नाही. तांब्याचा वा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड घडवून स्पार्क मशीनवर ती पाडावी लागते. एकच भूमिती, पण प्रक्रिया बदलताच वैशिष्ट्य बदलते. अध्यापनात हा मुद्दा निसटतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विद्यार्थी पडद्यावर बरगडी काढतो. ती कोणत्या यंत्रावर जन्मते, हे त्याला क्वचितच विचारले जाते.

बांभोरी व धुळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ मध्ये सुरू झाली, त्याच दशकात जळगावात ठिबक उद्योगाने मूळ धरले. साचा घडविताना डायमेकरने कोणती कड आधी घेतली, इलेक्ट्रोड किती लहान ठेवला, उतार किती दिला, हे त्याच्या वहीत असते किंवा केवळ त्याच्या हातात. साचा निकामी झाला की भंगारात जातो आणि वहीही मागे राहत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रे जमवून जपली. साचाकामाच्या वह्या, जुने इलेक्ट्रोड व बाद झालेले साचे यांच्या संकलनास जळगाव व धुळे येथील यंत्र अभियांत्रिकी आणि इतिहास विभागांनी एकत्र येऊन आरंभ करणे शक्य आहे. पहिली फेरी जळगाव एमआयडीसीतील डाय-शॉपपासून करता येईल.