पियानो कन्चेर्टो क्रमांक ३ (वॉल्टर कॉफमन)

पियानो कन्चेर्टो क्रमांक ३ ही संगीतकार व वाद्यवृंद-संचालक वॉल्टर कॉफमन (१ एप्रिल १९०७ – ९ सप्टेंबर १९८४) यांची १९५० मधील रचना आहे. कॉफमन हे भारतात आकाशवाणीच्या संकेतधूनेचे रचनाकार म्हणून ओळखले जातात. त्यांच्या वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना मात्र दीर्घकाळ अपरिचित राहिल्या. कन्चेर्टो हा पाश्चात्त्य अभिजात संगीतातील रचनाप्रकार असून त्यात एकल वादक आणि वाद्यवृंद आळीपाळीने व एकत्रितपणे संगीतकल्पनांचा विस्तार करतात.

पार्श्वभूमी

कॉफमन यांचा जन्म कार्ल्सबाड (आजचे चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हारी) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये, ते मुंबईस आले व सुमारे बारा वर्षे तेथे राहिले.

मुंबईतील कार्य

मुंबईत त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. तिच्या मैफलींत कॉफमन पियानो, तर झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत. १९३७ ते १९४६ या काळात कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. तानपुऱ्याच्या साथीने वाजणारी, शिवरंजनी रागावर आधारलेली आकाशवाणीची संकेतधून सामान्यतः त्यांच्या नावे सांगितली जाते. 'इंडियन सिंफनी' ही त्यांची वाद्यवृंदरचना १९४३ मधील, म्हणजे मुंबईतील वास्तव्यातीलच आहे.

कन्चेर्टोचा काळ

१९४६ मध्ये भारत सोडल्यानंतर कॉफमन इंग्लंडमार्गे कॅनडाला गेले. १९४८ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालन केले. तिसरा कन्चेर्टो याच कालखंडातील होय. त्यांच्या द्वितीय पत्नी फ्रीडा ट्रेपेल याही पियानोवादक होत्या.

विस्मरण व पुनःशोध

१९५७ मध्ये कॉफमन अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचे प्राध्यापक झाले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील (१९६८) आणि दक्षिण भारतीय रागांवरील (१९७६) ग्रंथांमुळे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव झाले. संगीतकार म्हणून मात्र ते मागे पडले. त्यांची अनेक हस्तलिखिते ब्लूमिंग्टन येथील विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

२०२० मध्ये टोरोंटोच्या 'एआरसी आन्साँब्ल' या वादकसमूहाने त्यांच्या मोजक्या वाद्यांसाठीच्या रचनांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. त्यानंतर पियानोवादक एलिझावेटा ब्लुमिना, बर्लिन नभोवाणी सिंफनी वाद्यवृंद आणि संचालक डेव्हिड रॉबर्ट कोलमन यांनी तिसरा कन्चेर्टो 'इंडियन सिंफनी'सह ध्वनिमुद्रित केला. त्यामुळे काही सेकंदांच्या धूनेपुरती ओळख उरलेल्या या संगीतकाराची विस्तृत रचना श्रोत्यांना व अभ्यासकांना प्रत्यक्ष ऐकता येऊ लागली.