कोल्हापुरातील यंत्रशाळा आणि धातूच्या पृष्ठभागाची गुळगुळीतता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कोल्हापूरच्या औद्योगिक इतिहासात ओतकामाविषयी बरेच लिहिले जाते. ओतलेल्या भागावर लेथवर होणाऱ्या कर्तनाकडे मात्र अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक ज्या काळी जी वस्तू बनली, तिने पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हे ठरविले आणि कारागिराचे ज्ञानही त्यानुसार घडले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा त्यांना दिल्या. त्या वितळून नांगर झाले. नांगराचा फाळ मातीत घासूनच तकतकीत होतो. त्याच्या पृष्ठभागाची चिंता यंत्रशाळेला नव्हती.

पुढे कोल्हापुरात, विशेषतः शिवाजी उद्यमनगरात, ऑइल इंजिने बनू लागली आणि प्रश्न पालटला. सिलिंडरचा लायनर खडबडीत राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजतात. आरशासारखा झाला तर त्यावर तेल टिकत नाही. म्हणून लायनरवर होनिंग करून एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा मुद्दाम ठेवल्या जातात. अधिक गुळगुळीत म्हणजे अधिक चांगले, हा समज येथे टिकत नाही.

कर्तनाचे शास्त्र अमेरिकेत एफ. डब्ल्यू. टेलर यांनी सुमारे २६ वर्षांच्या प्रयोगांनंतर १९०६ मध्ये मांडले. त्यांचा मुख्य रोख मात्र वेग आणि टूलचे आयुष्य यांवर होता, सफाईवर नव्हे. सफाईचे गणित तसे साधे आहे : खडबडीतपणाची सैद्धांतिक उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले टूलच्या टोकाच्या त्रिज्येची आठपट. त्रिज्या ०.८ मि.मी. व फीड दर फेऱ्यास ०.२ मि.मी. असता ही उंची ६.२५ मायक्रॉन येते. फीड निम्मे करताच ती सुमारे १.५६ वर उतरते. अर्थात वेळ दुप्पट लागतो, आणि जॉबवर काम करणाऱ्या लहान कारखानदाराला तोच परवडत नाही. त्रिज्या वाढवावी तर जॉब थरथरू लागतो.

धातूचा स्वभाव निराळाच. पोलाद कमी वेगात कापताना त्याचे कण धारेवर चिकटून पृष्ठभाग ओरबाडला जातो. वेग वाढविल्यास हा दोष कमी होतो. कोल्हापूरच्या फौंड्रीतील बिडाचा कीस मात्र ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे भुग्यासारखा पडतो. वाळू लागलेल्या कठीण सालीखाली जाईल इतका पहिला काप खोल घ्यावा लागतो; नाहीतर धार सालीतच बोथट होते.

वाहन उद्योगासाठी भाग बनू लागल्यावर नख फिरवून सफाई जोखण्याची जागा आराखड्यावरील मायक्रॉनच्या आकड्याने घेतली. सीएनसी यंत्रात आज वेग, फीड आणि कापाची खोली आकड्यांत भरली जाते. धार गेली की नाही, हे मात्र अनुभवी टर्नर अजूनही आवाजावरून आणि किसाच्या रंगावरून ओळखतो. हे ज्ञान कोणत्याही आराखड्यात उतरलेले नाही.