रुपयामागे सहा पै

नगरपालिकेची घरपट्टी आपण भरतो, पावतीची घडी घालतो आणि कपाटात ठेवून देतो. ती पावती एकदा उलगडून वाचावी. घरपट्टीखाली शिक्षण कर असतो, रोजगार हमी कर असतो, वृक्ष करही असतो. म्हणजे रस्त्याकडेच्या झाडासाठी नागरिकाने काही द्यावे, हे महाराष्ट्राने मान्य केले आहे. पुस्तकासाठी मात्र तिथे रकाना नाही.

बांद्याहून पुढे पत्रादेवी ओलांडली की चित्र बदलते. 1993 च्या गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने विदेशी मद्य आणि बियर यांवर ग्रंथालय उपकर बसवला. आपल्याकडचे जे लोक त्या बाजूला ‘बसायला’ जातात, ते नकळत गोव्याच्या ग्रंथालयांना हातभार लावून येतात. आमच्याकडे ही गोष्ट थट्टेत सांगितली जाते. ती थट्टेत सोडून देण्यासारखी मात्र नाही. सीमेच्या दोन बाजूंना, एकाच प्रकारच्या माणसांच्या वस्तीत, ग्रंथालयाच्या पैशाची वाट वेगळी का झाली, हे शोधताना मी मागे मागे जात राहिलो.

कोकणाला वाचनालये कुणी बाहेरून आणून दिली नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर 1852 चे, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय 1871 चे. पणजीत पोर्तुगीज सरकारने 1832 मध्ये सार्वजनिक ग्रंथालय उघडले. त्याच वर्षी आपल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर मुंबईत ‘दर्पण’ काढत होते. पणजीचे ग्रंथालय सरकारी होते. आपल्याकडची वाचनालये मात्र वर्गणी, देणग्या आणि आश्रयदाते यांच्या जोरावर उभी राहिली.

1852 हे साल मला महत्त्वाचे वाटते. सावंतवाडीत वाचन मंदिर सुरू झाले, त्याच वर्षी इंग्लंडात मँचेस्टरचे मोफत ग्रंथालय उघडले. फरक पैशाच्या वाटेत होता. ब्रिटिश संसदेने 1850 मध्ये कायदा करून शहरांना ग्रंथालयासाठी घरमालमत्तेवर पौंडामागे अर्धा पेनी कर बसवायची मुभा दिली होती. त्यासाठी करदात्यांचा कौल घ्यावा लागे. गंमत अशी की या पैशातून इमारत उभारता येई, नोकर ठेवता येत, पण पुस्तके घेता येत नसत. 1855 मध्ये कर एक पेनीपर्यंत नेला आणि पुस्तकांवरची ती अटही गेली. रक्कम चिमुकली होती, पण ती दर वर्षी येणार हे ठरलेले होते. ज्या सरकारने आपल्या देशात हा पेनी कर लावला, त्याच्या हिंदुस्थानातल्या अमलात वाचनालये वर्गणीवरच राहिली.

हिंदुस्थानात ग्रंथालयाचा पहिला कायदा झाला तो आपल्या शेजारी, कोल्हापूर संस्थानात, 1945 मध्ये. स्वातंत्र्यानंतरचा पहिला कायदा मद्रासचा, 1948 चा. त्यामागे डॉ. रंगनाथन यांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते. त्यात मालमत्ता कराच्या रुपयामागे सहा पै ग्रंथालय उपकर ठेवला. रुपयाचे तेव्हा 192 पै होत. म्हणजे करातल्या रुपयाचा बत्तिसावा भाग. 1960 मध्ये आंध्रने आणि 1965 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, उपकराचीच वाट धरली.

मुंबई प्रांतातही विचार झाला होता. रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना 1939 मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली गेली. समितीने 1940 मध्ये अहवाल दिला, पण तोवर महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. शिफारशींची अंशतः अंमलबजावणी सुरू व्हायला 1946-47 उजाडले, आणि ती झाली अनुदानाच्या रूपाने. पुढे 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला तो याच वाटेने. त्यात उपकर नाही. राज्य शासनाने ग्रंथालय निधीत दर वर्षी किमान 25 लाख रुपये द्यावेत, अशी तरतूद आहे.

मद्रासच्या आणि आपल्या कायद्यांतील या तरतुदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली सापडली असे वाटते. मद्रासने प्रमाण लिहिले, आपण रक्कम लिहिली. घरांची संख्या आणि करपात्र मूल्य वाढले की प्रमाणावर बांधलेला उपकर आपोआप वाढतो. कायद्यात लिहिलेली रक्कम मात्र जिथल्या तिथे राहते. शासन प्रत्यक्षात त्या 25 लाखांच्या कितीतरी पट खर्च करते, हे खरे. पण ते शासनाच्या मर्जीने करते. म्हणून वाढ हवी असेल तर निवेदन द्यावे लागते, मोर्चा काढावा लागतो, अधिवेशनात ठराव करावा लागतो.

याची झळ कुणाला बसते? आपल्याकडची मान्यताप्राप्त ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली. मान्य खर्चाच्या 90 टक्के अनुदान, उरलेले 10 टक्के संस्थेने उभे करायचे. ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान 2012 मध्ये 30 हजार झाले, आणि पुढची वाढ व्हायला 2022 साल उजाडले. 60 टक्के वाढ झाली, म्हणजे 48 हजार. यातली निम्मी रक्कम वेतनाची. हिशोब केला तर 2022 च्या वाढीनंतर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार येऊ लागले, त्याआधी साडेबाराशे. माझ्या गावच्या वाचनालयाचे दार रोज संध्याकाळी चार वाजता उघडते, ते एवढ्या पैशावर. घरच्या आंब्या-काजूचा आधार असलेलाच माणूस हे काम करू शकतो.

उपकर आला की सगळे सुरळीत होईल, असा माझा दावा नाही. बंगळुरूत नागरिकांकडून वसूल केलेला ग्रंथालय उपकर महापालिकेने ग्रंथालय खात्याकडे वेळेवर दिला नाही, ही तक्रार कित्येक वर्षांची आहे. गोव्याच्या वाटेतही एक अडचण आहे: ग्रंथालयाचे पोट दारूच्या खपावर बांधायचे का? आणि वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचा जो स्वाभिमान असतो, तो सरकारी खाते झाल्यावर टिकतो का, हा प्रश्नही खोटा नाही.

तरीही उपकरात एक गोष्ट आहे जी अनुदानात नाही. पैसा कुणाचा, हे त्यात स्पष्ट असते. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात काही भागांत मतदारांच्या संमतीने ग्रंथालयासाठी स्थानिक विक्रीकर लावता येतो. आपल्याला ती वाट आता जवळपास बंद आहे. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली, आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कराने बहुतेक विक्रीकर गिळले. पिण्याचे मद्य त्याच्या कक्षेबाहेर राहिले, म्हणूनच गोव्याच्या उपकराचा पाया शाबूत राहिला. महाराष्ट्राच्या हातात मद्य आहे, आणि घरपट्टी आहे. 1962 मध्ये शिक्षणासाठी उपकराचा कायदा करणाऱ्या, 1975 मध्ये रोजगार हमीसाठी व्यवसाय कर बसवणाऱ्या राज्याला हे तंत्र नवे नाही.

आज पणजीच्या पाटो भागात राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची मोठी इमारत उभी आहे. तिला नाव दिले आहे कृष्णदास शामा यांचे, 1526 मध्ये मराठीत कृष्णचरित्र लिहिणाऱ्या केळशीच्या कवीचे. तिथल्या मराठी पुस्तकांच्या कपाटांसमोर उभा राहिलो की मला आमच्या गावचा चार वाजता उघडणारा दरवाजा आठवतो. घरपट्टीच्या पावतीवर आणखी एक ओळ वाढली तर आम्ही कुरकुर करू, हे मला ठाऊक आहे. पण त्या ओळीची पावती हातात असलेला माणूस वाचनालयात जाऊन विचारू शकेल, ‘यंदा नवीन पुस्तका कितकी इली?’ आज तसे विचारायला आमची जीभ रेटत नाही.