मारां कोंबडी : गडद अंडे आणि तांबूस मान

मारां ही फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाणथळ प्रदेशातील कोंबडीची जात. ला रोशेल या बंदराच्या ईशान्येस, सेव्र नियोर्तेज नदीच्या काठी वसलेल्या मारां या गावावरून तिला हे नाव मिळाले. फ्रेंच उच्चारात नावाच्या शेवटचा ‘स’ लुप्त होतो. इंग्रजी वळणाने हिलाच ‘मॅरन्स’ म्हटले जाते. काळपट चॉकलेटी रंगाचे अंडे ही तिची खरी ख्याती. इयान फ्लेमिंग यांनी १९५७ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या कादंबरीत जेम्स बाँडच्या न्याहारीला याच कोंबडीचे अंडे ठेवले आहे.

जातीचा उगम संमिश्र आहे. बंदरात येणाऱ्या जहाजांवर झुंजीचे कोंबडे असत. त्यांचा स्थानिक दलदली कोंबड्यांशी संकर झाला, असे परंपरा सांगते. अंड्याचा गडदपणा मात्र बहुतांशी चीनमधून आलेल्या लांगशान जातीकडून आला असे मानतात. मेजर क्रोड यांनी १८७२ मध्ये लांगशान कोंबड्या इंग्लंडमध्ये आणल्या आणि तेथून त्या युरोपभर पसरल्या. मारांच्या पायांच्या नळीवर दिसणारी विरळ पिसेही त्याच वारशाची खूण होय. फ्रान्समध्ये या जातीचा क्लब १९२९ मध्ये स्थापन झाला. इंग्लंडमध्ये पुढे बिनपिसांच्या पायांचा प्रकार रूढ झाला, तर फ्रेंच पाळणाऱ्यांनी पिसांचा आग्रह सोडला नाही. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनची मान्यता मिळण्यास २०११ साल उजाडावे लागले.

अंड्याच्या रंगासाठी फ्रेंच क्लबने १ ते ९ अशी मोजपट्टी ठरवली आहे. चौथ्या पायरीखालचे अंडे मारांचे म्हणून गणले जात नाही. नवव्या पायरीचा रंग जवळजवळ काळा भासतो. हा रंग प्रोटोपॉर्फिरिन या रंगद्रव्याचा. अंडे तयार होण्यास लागणाऱ्या सुमारे पंचवीस तासांपैकी वीसेक तास ते कवचग्रंथीत असते आणि रंगाचा मोठा भाग अगदी शेवटच्या काही तासांत वरून चढतो. म्हणूनच नुकतेच घातलेले ओलसर अंडे नखाने खरवडले तर रंग निघून येतो, आणि फोडलेल्या कवचाची आतली बाजू फिकट दिसते. निळ्या अंड्याचे तसे नाही. तो रंग कवचात आरपार मुरलेला असतो.

कवचाच्या रंगाचा चवीशी वा पोषणाशी संबंध नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक. आपल्याकडे तपकिरी अंडे दिसले की ते ‘गावठी’ समजून ग्राहक चढा दर मोजतो. परंतु व्यापारी संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी देतात. उलट, काळ्या मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या मध्य प्रदेशातील कडकनाथाचे अंडे मात्र फिकट तपकिरी असते. पिसे, मांस आणि कवच यांचे रंग वेगवेगळ्या जनुकांच्या हाती असतात.

पैदाशीतील अडचण नेमकी येथेच सुरू होते. प्रदर्शनात परीक्षकासमोर पक्षी उभा असतो, अंडे नव्हे. पाळणारा केवळ पिसाऱ्यावर पक्षी निवडू लागला की काही पिढ्यांत अंडी फिकी पडतात. केवळ अंड्यावर निवडू लागला की माना पिवळट होतात, छातीवर तांबूस छटा पसरते, नळीवरची पिसे जातात.

सर्वाधिक लोकप्रिय असलेल्या काळ्या-तांबूस प्रकारात अंगावर हिरवट चकाकीचा काळा रंग अपेक्षित असतो. कोंबड्याच्या मानेवर, पाठीवर आणि कमरेवर तांब्याचा झळाळ हवा. छाती काळी, फार तर थोडे तांबूस ठिपके. कोंबडीत तांबूस रंग मानेपुरताच असावा. मान गवती पिवळी असणे हा दोष, आणि ती पूर्ण काळी पडणे हाही दोषच. या प्रकाराचा पाया एमसी१आर जनुकाच्या ‘बर्चेन’ नावाच्या रूपात आहे. त्याच जनुकाचे गव्हाळ रूप काळ्या पक्ष्यात दडून राहू शकते. असे दोन पक्षी जोडीला आले की सरासरी चौथा हिस्सा पिल्ले गव्हाळ निघतात आणि मालक चक्रावतो. निळ्या प्रकाराचे गणित त्याहून सोपे : निळ्याशी निळा जोडला तर साधारणतः निम्मी पिल्ले निळी, पाव काळी आणि पाव पांढुरकी शिंतोडेदार. पट्टेदार ‘कुकू’ प्रकारातील पट्ट्यांचे जनुक लिंगगुणसूत्रावर असल्याने नराला त्याच्या दोन प्रती मिळू शकतात, मादीला एकच. त्यामुळे शुद्ध पट्टेदार कोंबडा कोंबडीपेक्षा उजळ दिसतो.

जोडी लावताना दोष परस्परांना छेद देतील असे पाहतात. मान जवळजवळ काळी असलेल्या कोंबडीला तांबूस रंग किंचित अधिक असलेला कोंबडा देतात. एकच दोष दोघांत असेल तर तो वंशात मुरतो.

अंड्याच्या बाबतीत अधिक कठीण प्रश्न कोंबड्याचा आहे. गडद कवचाला एकच जनुक कारणीभूत नाही. अनेकांचा थोडा-थोडा वाटा असतो, आणि त्यातील निम्मा वारसा अंडे कधीच न देणाऱ्या बापाकडून येतो. तो ज्या अंड्यातून निघाला त्याचा रंग ठाऊक असणे ही पहिली अट. म्हणून उबवणीच्या वेळी अंड्यांवर मातेचा क्रमांक लिहितात आणि पिल्ले बाहेर येताच त्यांच्या पायांवर खूण करतात. कोणते अंडे कोणत्या कोंबडीचे हे कळण्यासाठी आत शिरताच दार बंद होणारी घरटी लागतात. हे कंटाळवाणे काम टाळणाऱ्याच्या हाती केवळ अंदाज उरतो.

नोंदीतही सावधगिरी हवी. तलंगेची पहिली अंडी बहुधा सर्वांत गडद असतात. त्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. हंगाम सरतो तसा रंग उतरतो, उष्म्याने आणि भीतीने फिका पडतो, पिसे झडून विश्रांती झाली की पुन्हा चढतो. त्यामुळे तुलना करायची ती एकाच वयाच्या, एकाच महिन्यातील अंड्यांची. अनेक आठवडे सलग अंडी दिल्यानंतरही जिचा रंग टिकतो ती कोंबडी मोलाची. उबवण्यासाठी मात्र केवळ काळेभोर अंडे पाहून भागत नाही. आकार नेटका आणि कवच मजबूत असावे लागते. गडद कवचामुळे दिव्यासमोर धरूनही आतील गर्भ नीट दिसत नाही, तेव्हा निर्जीव अंडी वेळीच वेगळी काढणे अवघड जाते.

उबवणीचे २१ दिवस, मग तलंग अंड्यावर येईपर्यंतचे सहा ते आठ महिने आणि त्यानंतर नोंदींचे काही आठवडे. कोंबड्याने मुलींना काय दिले हे कळायला इतका अवधी जातो. म्हणून जाणते पाळणारे मुलींची अंडी हाती येईपर्यंत त्या कोंबड्याला विकत नाहीत.