नाव घालणं

आईची एक चाळीस पानी वही माझ्याकडे आहे. तिचं एकच पान लिहिलेलं, बाकीची कोरी. त्या पानावर अकरा ओळी. ‘मोठा हंडा, सासूबाईंच्या माहेरचा. ताम्हण, धाकट्या मामंजींचं. तांब्या, समोरच्या काकूंचा, लग्नातला.’ वरच्या कोपऱ्यात जून 1969. त्या महिन्यात माझा अकरावीचा निकाल लागला होता आणि फीचे पैसे घरात नव्हते. आईने अकरा भांडी मोडीत घातली. तागडीत टाकण्याआधी एकेक भांडं उजेडात धरून त्याच्यावरचं नाव वाचलं आणि वहीत उतरवलं. मराठीत भांड्यावर नाव घालतात आणि शाळेतही नावच घालतात. कॉलेजात माझं नाव घालायला अकरा भांड्यांवरची नावं भट्टीत गेली.

आमचं घर कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी. आजोबा तांबट. बाबांनी मात्र भांडी घडवण्याऐवजी त्यांच्यावर नावं घालण्याचं काम धरलं. लग्नसराईत ते तुळशीबागेतल्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसत, एरवी घरी. पुढ्यात दुमडलेलं पोतं, हातात बारीक छिन्नी आणि वीतभर हातोडी. अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटायचं. बाबा शिरोरेषा आधी ओढत आणि मग तिला अक्षरं टांगत. ती सरळ आली की अक्षरं आपोआप शहाणी होतात, असं म्हणत. पुढे फळ्यावर लिहिताना मीही पहिली रेघ तशीच ओढत आले.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. लाल महाल इथलाच, आणि जिजाबाईंनी ज्याचं देऊळ बांधलं असं आपण मानतो तो ग्रामदैवत कसबा गणपतीही इथलाच. गावातल्या किती घरांची लग्नाची पहिली पत्रिका अजून त्याच्यापुढे ठेवली जाते. देवळापासून थोडं चाललं की कुंभारवाडा, त्याच अंगाला तांबट आळी. आमच्या त्वष्टा कासार समाजाचं कालिकादेवीचं देऊळ आळीतच आहे. आमचे पूर्वज कोकणातून पेशवाईत आले, असं घरोघरी सांगतात. 22 जानेवारी 1732 ला शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि त्यानंतर या गावात राजधानीच्या गरजा आल्या. स्वयंपाकघरं मोठी झाली, देवघरं मोठी झाली, पंगती वाढल्या. नाणी आणि शस्त्रंही आपल्याच लोकांनी घडवली, असं आजोबा अभिमानाने सांगायचे. 1818 ला पेशवाई संपली, आश्रय देणारे गेले, पण पाणी तापवायचं आणि भरायचं कोणाला चुकतं? तांबट घरगुती भांड्यांवर तगले. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे थेट मुंबईशी जोडली गेली आणि बंदरावर उतरणारा तयार पत्रा पुण्यात येणं सोपं झालं. 1885 च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शहराच्या मुख्य धंद्यांत तांब्यापितळेचं काम मोजलेलं आहे.

आजोबांच्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते जवळून पाहिलेले आता फार थोडे उरले. पत्र्याचा गोल कापायचा. ऐरणीवर धरून ठोकत ठोकत खोलगट करायचा. तांबं ठोकलं की कडक होतं. काही फेऱ्यांनंतर ते ऐकेनासं होतं आणि तसंच रेटलं तर चिरतं. मग ते भट्टीत लाल करायचं. लाल लोखंड पाण्यात घातलं तर कडक होतं, तांब्याचं तसं होत नाही. ते विझवलं तरी मऊच राहतं. पुन्हा ठोकायचं, पुन्हा तापवायचं. एका हंड्याला असे किती तरी फेरे. सगळ्यात शेवटी मठारकाम, म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीने अंगभर सारखे ठसे. लोकांना ती नक्षी वाटते. पण त्या ठोक्यांनी पत्रा ताठ होतो, भांडं लवकर पोचत नाही. ठशांवर उजेड खेळतो हे वरचं देणं. आजोबा आकडे न मोजता ठोकत आणि तरी दोन ठशांमधलं अंतर चुकत नसे. त्यांचा उजवा कान साठीतच गेला होता. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या, तपेली. पुण्यातल्या किती न्हाणीघरांत सकाळी पेटणारे बंब या आळीतून गेले असतील!

नावं घालायची चाल कधी सुरू झाली असेल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, सुरुवात गरजेतून झाली. वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडं, नळ एक. लग्नामुंजीला पातेली, पराती दहा घरांतून गोळा व्हायच्या. पंगती उठल्यावर कोणाचं काय हे कसं ओळखायचं? म्हणून मालकाचं नाव. त्या नावाशेजारी देणाऱ्याचं नाव पुढे केव्हा तरी येऊन बसलं असावं. ‘आत्याकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. ‘कै.’ लावून कुणाच्या स्मरणार्थ. एकदा तांब्यावर गेलेलं नाव घासून जात नाही. चिंच-मीठ लावून जन्मभर घासा, ते उलट उजळतं. हंडा कोणी दिला, हे आमच्या घरात कोणाला विचारावं लागत नसे. रोज पाणी भरताना ते नाव बोटांखालून जायचं. उपकाराची आठवण ठेवायला यापेक्षा बरी सोय माझ्या पाहण्यात नाही.

बाबांचा दर अक्षरामागे असायचा. त्यामुळे लोक आडनावं गाळत, ‘सप्रेम’ गाळत. एकदा एक बाई लेकीच्या लग्नासाठी छोटा गडू घेऊन आली. पदराच्या गाठीतले पैसे तिने दोनदा मोजले आणि म्हणाली, “दादा, फक्त ‘आई’ घाला.” बाबांनी ‘आई’ घातलं, खाली लग्नाची तारीख घातली आणि पैसे दोनच अक्षरांचे घेतले. मी शेजारी बसले होते. तेव्हा मी सात वर्षांची असेन.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. आम्ही उंचावर होतो म्हणून वाचलो, पण खालच्या वस्तीत नुसता गाळ उरला. नऊ वर्षांची मी बाबांचं बोट धरून पाहायला गेले होते. लाकूड कुजलं, धान्य गेलं, कागद गेले. गाळातून निघत होती ती तांब्यापितळेची भांडी. लोकांनी ती एका ओट्यावर ढीग करून ठेवली. बाबा तिथेच बसले. एकेक भांडं पुसायचं, नाव वाचायचं, हाक द्यायची. काही अक्षरं त्यांची स्वतःची होती. ती ते अंगठ्यानेच ओळखत. एका म्हातारबुवांना त्यांच्या बायकोच्या नावाचं घंगाळं मिळालं. त्यांनी ते उराशी धरलं आणि तिथेच बसून राहिले. त्या दिवशी बाबांचं काम काय आहे हे मला कळलं.

मग स्टेनलेस स्टील आलं. हलकं, स्वस्त, कल्हई नको. कल्हईवाल्याची हाक, नवसागराचा धूर, कथलाची झळाळी हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत विरळ झालं. जुनं तांबं मोडीत देऊन बायका स्टीलचे डबे घेऊ लागल्या. नाव घालायलाही विजेचं यंत्र आलं, पेन्सिलीसारखं धरून भराभरा लिहायचं. बाबांनी ते शिकून घेतलं. पण त्यातून आलेल्या ओरखड्यांना ते अक्षरं म्हणत नसत.

मी बी. ए. झाले, बी. एड. केलं आणि 1974 मध्ये शाळेत लागले. पहिला पगार आईच्या हातावर ठेवला तेव्हा ती आत जाऊन ती वही घेऊन आली. म्हणाली, “यातलं पहिलं नाव वाच.” मला वाटलं होतं, ती पेढे आणायला सांगेल. तेव्हापासून मी वहीतल्या घरांवर लक्ष ठेवलं. कोणाकडे मुंज, कोणाकडे वास्तुशांत निघाली की आळीत जाऊन तेच भांडं तेवढ्याच मापाचं घडवून घ्यायचं, बाबांकडून त्यावर मूळ देणाऱ्याचं नाव घालून घ्यायचं आणि त्या घरात नेऊन द्यायचं. मोठा हंडा आजीच्या माहेरी परत गेला तेव्हा तिथली सून गोंधळली. तिच्या आजेसासूबाईंचं नाव त्यावर होतं. तिने तो देवघराशेजारी ठेवला. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा सत्कार झाले, शाली मिळाल्या. त्या शाली कोणी दिल्या, हे आज मला सांगता येणार नाही.

आळीत आता मठाराचा आवाज थोड्याच कारखान्यांतून येतो. हात धरून ठेवणारी काही घरं आहेत. नव्या शिकलेल्या डिझायनर मंडळींनी त्यांच्याकडून दिवे, वाडगे, शोभेच्या वस्तू करून घेतल्या, त्या दूरवर विकल्या जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. खंडेनवमीला मी अजून आळीत जाते. त्या दिवशी ठोका पडत नाही. हातोड्या धुऊन ओळीने मांडलेल्या असतात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. घरी परतून मी बाबांच्या छिन्नीची पूजा करते.

वहीतल्या दहा ओळींवर आईच्या हातच्या बरोबरच्या खुणा आहेत. अकरावी ओळ समोरच्या काकूंच्या तांब्याची. त्यांचा वाडा पडला, इमारत झाली, बिऱ्हाड कुठे गेलं याचा पत्ता लागला नाही. शेजारीपाजारी, जुने दुधवाले, सगळ्यांना विचारून झालं. तांब्या मात्र तयार आहे. दर दसऱ्याला चिंचेने घासून छिन्नीशेजारी ठेवते. त्यावर काकूंचं नाव बाबांनीच घातलंय, शिरोरेषा आधी ओढून.