विवाहमंडपातील प्रकाश : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तुत स्मरणिकेसाठी ज्ञातिबांधवांकडून जुनी छायाचित्रे मागविण्यात आली, तेव्हा लग्नसमारंभाची चित्रेच सर्वांत अधिक आली. ती चाळीत असता एक गोष्ट आमच्या मनास वारंवार लागून राहिली. कित्येक चित्रांत मांडवाचे खांब स्पष्ट आहेत, आंब्याच्या डहाळ्या स्पष्ट आहेत, मागे उभ्या राहिलेल्या मंडळींचे फेटेही मोजता येतात. पण ज्या वधूसाठी हा सारा खटाटोप, तिचे मुख मात्र दिसत नाही.

आमच्या स्वतःच्या घरीही हेच आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या एका वैशाखात, सकाळच्या मुहूर्तावर, आमच्या आईवडिलांचा विवाह अंगणातील मांडवात झाला. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचे एकच छायाचित्र आमच्याकडे आहे. वडील पूर्वेकडे मुख करून उभे असल्याने त्यांच्या कपाळास चिकटलेल्या अक्षताही दिसतात. आई पश्चिमाभिमुख, सूर्य तिच्या पाठीशी, आणि मुंडावळ्यांच्या आड केवळ अंधार. तिचे त्या वयाचे दुसरे चित्र नाही. ती निवर्तल्यावर आमच्या धाकट्या बहिणीने ते चित्र हाती घेऊन विचारले, "आई तेव्हा दिसत तरी कशी होती?" त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणूनच विवाहस्थळ ठरविताना उजेडाचा विचार करणे ही केवळ हौस आहे, असे आम्हांस वाटत नाही. ह्या विचाराचा पूर्वेतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

छायाचित्रणाची कला युरोपात १८३९ साली जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ती मुंबईस पोहोचली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक होत. परंतु त्या काळी लग्नाच्या मांडवात कॅमेरा नेणे जवळजवळ अशक्य होते. १८५१ साली निघालेल्या पद्धतीत काचेवर द्रावण चढवून, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवावे लागे. शिवाय चित्र उमटेपर्यंत कित्येक सेकंद निश्चल राहणे भाग असे. मंगलाष्टके चालू असता, अक्षतांचा वर्षाव होत असता, निश्चल कोण राहणार? त्यामुळे विवाह आपल्या जागी व आपल्या वेळी होई, आणि चित्र काढावयाचेच तर मागाहून, सवडीने, स्टुडिओत जाऊन काढले जाई. जुन्या चित्रांतील पतिपत्नी इतकी गंभीर का, ह्याचे एक कारण हेच होय. हसू एका जागी फार वेळ टिकत नाही.

स्टुडिओच्या बांधणीतच प्रकाशाचे शास्त्र होते. छताचा वा भिंतीचा काही भाग काचेचा करून तो उत्तरेस ठेवीत, कारण उत्तरेकडून प्रत्यक्ष ऊन न येता आकाशाचा सौम्य, एकसारखा उजेड येतो. सुप्रसिद्ध छायाचित्रकार लाला दीनदयाळ ह्यांनी १८९२ साली हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज महिलेच्या हाती सोपविला, व १८९६ साली मुंबईस शाखा उघडली. अशा ठिकाणी जाणे अर्थातच श्रीमंतांस व संस्थानिकांसच परवडे.

१८७१ साली कोरड्या काचेची युक्ती निघाली. पुढे ती बाजारात मिळू लागल्यावर छायाचित्रकार पेटी खांद्यावर टाकून गावोगावच्या लग्नघरी जाऊ लागला, आणि प्रथमच घरचा मांडव व कॅमेरा ह्यांची गाठ पडली. कोकणातील मांडव झावळ्यांनी शाकारलेला; त्यातून उन्हाचे कवडसे पडत आणि चित्रात मुखावर पांढरे ठिपके उमटत. देशावरील वाड्यात चौक उघडा. तेथे भर दुपारी ऊन थेट माथ्यावर. अनुभवी छायाचित्रकार म्हणूनच लग्न लागल्यावर वधूवरांस ओसरीवर किंवा सोप्यात बसवी. तेथे डोक्यावर छप्पर आणि समोर उघडे अंगण, म्हणजे उत्तरेच्या खिडकीसारखाच मऊ उजेड आपोआप मिळे. आमच्यापाशी आलेल्या चित्रांपैकी जी उत्तम आहेत, ती बहुतेक ओसरीवरचीच आहेत.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. जुन्या चित्रांत लाल शालू व कपाळीचे कुंकू काळे दिसते आणि पिवळी अष्टपुत्री मळकट दिसते. हा दोष वस्त्राचा नव्हे. त्या काळच्या काचांना निळा उजेड फार लवकर कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. सर्व रंगांस जागी असणारी काच १९०६ च्या सुमारास विकावयास आली व आपल्याकडे सर्वत्र पोहोचण्यास आणखी काळ गेला.

उजेडाचा अभाव कृत्रिम रीतीने भरून काढण्याचा उपाय १८८७ साली निघाला होता. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून झगझगीत प्रकाश पाडीत. पण तिचा धूर आणि भडका कापडी मांडवात धोक्याचाच असे. १९२९ साली जर्मनीत बंद काचेचा फ्लॅशबल्ब निघाला आणि रात्रीचेही चित्र सुलभ झाले. ह्याच सुमारापासून शहरांतून अंगणे नाहीशी होऊ लागली व लग्ने दारातून कार्यालयात गेली. कार्यालयात पाण्याची, पंगतीची व निजण्याची सोय झाली, हे निर्विवाद. परंतु चारी बाजूंनी बंद अशा दिवाणखान्यात वधूवर भिंतीशी उभे, समोर फ्लॅशचा लखलखाट, आणि मागे भिंतीवर त्यांची काळी सावली, असे चित्र घरोघरी दिसू लागले. पुढे व्हिडिओचे प्रखर दिवे आले. त्या उष्णतेने वधूवरांस घाम फुटे आणि होमाजवळ बसलेल्या भटजींचे डोळे दिपत.

आज कॅमेरे असे झाले आहेत की समईच्या उजेडातही चित्र निघते. मात्र आता दुसरेच टोक गाठले जात आहे. प्रथम चित्राची जागा ठरते आणि मग तेथे विवाह नेला जातो. समुद्रकिनारा, किल्ल्याचा पायथा, दूरचे हिरवळीचे मैदान! वृद्धांस तेथे पोहोचता येते की नाही, ह्याचा विचार मागे पडतो. एका लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर, चित्र नीट आले नाही म्हणून तो पुन्हा धरण्यास सांगितलेले आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. मुहूर्त साधण्यासाठी ज्या मातापित्यांनी महिनोन्महिने धावपळ केली, त्यांनी ते मुकाट्याने पाहिले.

वस्तुतः ह्या दोन टोकांच्या मध्ये सुलभ मार्ग आहे, आणि तो जुन्या रीतीतच आहे. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस वधूवर पूर्व-पश्चिम उभे राहतात. सूर्य खाली असता एकाच्या मुखावर ऊन व दुसऱ्याच्या पाठीस ऊन, हे त्यामुळे अटळ आहे. आमच्या आईच्या चित्रात घडले ते हेच. पूर्वेच्या बाजूस पांढरे कापड लावून ऊन अडविले असते, तर ते टळले असते. मार्गशीर्ष-माघातील लग्नात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा छायाचित्रकाराने दक्षिणेस उभे राहावे, म्हणजे दोघांच्याही गालावर सारखा उजेड येतो. वैशाखात मात्र सावध असावे. मेच्या मध्यास पुण्यामुंबईकडे सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. अशा वेळी वर पांढऱ्या कापडाचे छत हवे. लाल-पिवळ्या कनातीचा रंग मुखावर उतरतो, हेही ध्यानी असावे. गोरज मुहूर्ताचा उजेड सर्वांत सुंदर. पण सूर्यास्तानंतर तो वीस-पंचवीस मिनिटेच पुरतो, म्हणून वऱ्हाडाने वेळेवर यावे.

ह्यास पैसा लागत नाही. स्थळ पक्के करण्यापूर्वी, मुहूर्ताच्याच वेळी, घरातील एकाने तेथे जाऊन दुसऱ्यास बोहल्याच्या जागी उभे करावे व त्याचे मुख पाहावे, इतकेच पुरे. श्रीमंत-गरीब दोघांसही हे सारखेच साध्य आहे.

विवाह चित्रासाठी नाही, हे खरेच. पण पन्नास वर्षांनी मांडवही नसतो, पंगतही आठवत नाही. कपाटातील ते एक चित्र तेवढे उरते. त्या चित्रात आपल्या ज्ञातीतील लेकीसुनांची मुखे त्यांच्या नातवंडांस स्पष्ट दिसोत, हीच आमची ह्या वर्षीची शुभेच्छा.